गरोदरपणाची सरकारी नोंद: पाळीच्या तारखेपासून बाळाच्या पंधराव्या महिन्यापर्यंत

उपकेंद्रात माता-बाल कार्ड हातात पडलं की नोंदणीचं काम संपलं, असं बहुतेक घरांत धरलं जातं. पुढे सातव्या महिन्यात सून माहेरी जाते, बाळंतपण तालुक्याच्या खासगी दवाखान्यात होतं, बाळाची दीड महिन्याची लस तिसऱ्याच गावात टोचली जाते. सासरच्या आशाताईंच्या वहीत मात्र ती अजून सहा महिन्यांची गरोदर असते. मग मातृवंदना योजनेत मिळणाऱ्या सरकारी पैशांचा हप्ता अडकतो, घरभेटीला कुणी येत नाही, जन्मदाखल्यावर आईचं नाव भलतंच निघतं. दोष कुणा एकाचा नसतो. नोंदवह्या गावाप्रमाणे लावलेल्या असतात आणि बाई गाव बदलते, तिथे धागा तुटतो.

हा लेख गरोदर बाई, तिच्या घरचे आणि नव्याने रुजू झालेल्या आशा, तिघांसाठी आहे. दवाखान्यांची आणि पदांची नावं महाराष्ट्रातली आहेत. आरसीएच पोर्टल (माता आणि बालकांच्या आरोग्याची सरकारी ऑनलाइन नोंद) आणि जन्म नोंदणीचा कायदा देशभर एकच असल्यामुळे टप्प्यांचा क्रम इतर राज्यांतही हाच राहतो.

## सुरुवातीची तयारी

पहिल्यांदा उपकेंद्रात जाताना बाईचं आणि नवऱ्याचं आधार, बाईच्या नावाचं बँक पासबुक, रेशन कार्ड, असल्यास जातीचा दाखला आणि आधीचं मूल असेल तर जुनं माता-बाल कार्ड एका पिशवीत घ्या. त्याआधी घरी बसून तीन गोष्टी ठरवा.

पहिली, नाव. आधारवर माहेरचं आडनाव, पासबुकावर सासरचं आणि कार्डावर फक्त हाक मारायचं नाव, ही आपल्याकडची नेहमीची तऱ्हा. नोंदणीत आधारवर जसं आहे तसंच नाव लिहायला सांगा. आधारवरचं नाव बदलायचं असेल तर ते काम आधी उरका. गरोदरपणाच्या मध्यात नाव बदललं की जुन्या आणि नव्या नोंदी जुळवायला महिने जातात.

दुसरी, मोबाइल नंबर. जो फोन बाईच्या हाताशी राहील त्याचाच द्या. नवरा कामावर नेतो तो फोन, शेजारच्या दुकानदाराचा नंबर किंवा खुद्द आशाताईंचा नंबर देऊ नका. एका आशाच्या नंबरावर पंधरा-वीस बायका नोंदवलेल्या असल्या की सगळ्यांचे निरोप तिलाच जातात आणि बाईपर्यंत एकही पोचत नाही. आशांनीही, वेळ वाचतो म्हणून, हे करू नये.

तिसरी, बँक खातं. योजनांचे पैसे आधार क्रमांकावरून जमा होतात. दोन-तीन खाती असतील तर आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात पैसे जातात, पासबुकाची झेरॉक्स कोणत्याही खात्याची दिलेली असो. "पैसे आलेच नाहीत" म्हणणाऱ्या कित्येक जणींचे पैसे विसरलेल्या जुन्या खात्यात पडलेले असतात. बँकेत जाऊन विचारा: माझं आधार सध्या कोणत्या खात्याला जोडलेलं आहे?

## टप्पा १: पाळीची तारीख पक्की करा

पुढची सगळी मोजणी या एका तारखेवर उभी असते. तपासण्या कधी, बाळंतपणाची अपेक्षित तारीख कोणती, बाळ वेळेआधी जन्मलं की वेळेवर, हे सगळं इथूनच निघतं. आणि नेमकी हीच तारीख सर्वांत बेफिकिरीने सांगितली जाते.

लागतो तो शेवटच्या पाळीचा पहिला दिवस. पाळी संपली तो दिवस नाही, चुकली तोही नाही. "दोन महिने झाले" हे उत्तर आशाने वहीत उतरवून घेऊ नये. तारीख आठवत नसेल तर भिंतीवरची दिनदर्शिका काढून सणांच्या आधाराने मागे जा. नागपंचमीच्या आधी की नंतर? गावच्या जत्रेला पाळी आली होती का? त्या सोमवारचा उपास धरला होता का? अशा पाच मिनिटांच्या गप्पांत तारीख दोन-तीन दिवसांच्या फरकाने सापडते.

त्या तारखेत ९ महिने ७ दिवस मिळवले की अपेक्षित तारीख मिळते. पाळी १२ मेची असेल तर १९ फेब्रुवारी.

सोनोग्राफीच्या कागदावर वेगळी तारीख छापून येते, आणि दर सोनोग्राफीला ती थोडी सरकते. तेवढ्यावरून कार्डावरची तारीख स्वतः खोडू नका. फरक मोठा असेल तर कोणती तारीख धरायची ते डॉक्टर ठरवतात. सुरुवातीच्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी यासाठी सर्वांत भरवशाची, नवव्या महिन्यातली सर्वांत कमी. एकदा तारीख ठरली की कार्ड, नोंदवही, खासगी दवाखान्याची फाइल, सगळीकडे तीच हवी.

तपासा: चौथ्या महिन्यापासून मोबाइलवर आठवड्याला एक 'किलकारी' या सरकारी सेवेचा ध्वनिसंदेश येतो. महाराष्ट्रात ही सेवा २०२४ पासून आहे. हे संदेश पोर्टलवरच्या पाळीच्या तारखेनुसार सुटतात. संदेशातला महिना आणि तुमचा महिना जुळत नसेल तर तारीख चुकीची चढली आहे. संदेश येतच नसेल तर बहुधा नंबर चुकला आहे.

## टप्पा २: बारा आठवड्यांच्या आत नाव आणि नंबर

तीन महिने पूर्ण होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, हा रिवाज अजून टिकून आहे. गावभर सांगू नकाच, पण आशाताईंच्या कानावर घाला. बारा आठवड्यांच्या आत नाव चढलं तरच पहिली तपासणी वेळेत झाली असं धरतात. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन सुरुवातीला किती होतं हे माहीत असलं, तरच पुढे ते बिघडलं की नाही ते कळतं.

नोंदणीनंतर बाईला १२ अंकी आरसीएच नंबर मिळतो. तो कार्डाच्या पहिल्या पानावर शाईने लिहून घ्या, मोबाइलमध्ये त्या पानाचा फोटो काढा आणि एक फोटो माहेरी पाठवा. उपकेंद्रात नेट नसलं तर आरोग्यसेविका आधी वहीत नोंद करतात आणि पोर्टलवर नंतर चढवतात, त्यामुळे नंबर त्याच दिवशी मिळेल असं नाही. आठवडाभराने विचारायला जा. नंबराची जागा कोरी असलेलं कार्ड ही अर्धवट नोंद आहे.

हा नंबर त्या बाईचा कायमचा असतो. दुसऱ्या खेपेला त्याच नंबराखाली नवं गरोदरपण उघडलं जातं. म्हणून जुनं कार्ड सांभाळायचं. ते नसलं की नवा नंबर पडतो, एकाच बाईच्या दोन नोंदी होतात, आणि आधीचं सिझेरियन, आधीची अपुऱ्या दिवसांची प्रसूती नव्या नोंदीत दिसत नाही. जुन्या कार्डाचा आणखी एक उपयोग म्हणजे धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस. मागच्या गरोदरपणात दोन मात्रा झाल्या असतील आणि तीन वर्षं उलटली नसतील तर या वेळी एकच बूस्टर पुरतो.

खासगी डॉक्टरांकडे जाणाऱ्या बायकांचा एक ठाम समज असतो की सरकारी नोंदीची त्यांना गरज नाही. तपासण्या खुशाल खासगीत करा, पण नाव उपकेंद्रात किंवा शहरात नागरी आरोग्य केंद्रात चढवा आणि माता-बाल कार्ड घ्या. मातृवंदनेसाठी ते लागतं आणि बाळाच्या घरभेटीही याच नोंदीवरून ठरतात.

सावधान: अंगणवाडीत नाव घातलं म्हणजे आरोग्य खात्यात गेलं असं होत नाही. अंगणवाडी सेविका पोषण ट्रॅकर या त्यांच्या ॲपवर नोंद करतात, आरोग्यसेविका आरसीएचवर. दोन्हीकडे जायचं. आभा क्रमांक, म्हणजे आरोग्य खात्याचा (हेल्थ आयडी) क्रमांक, तिसराच, १४ अंकांचा. तो आरसीएच नंबराच्या जागी लिहू नका.

## टप्पा ३: चार तपासण्या आणि खरे आकडे

किमान चार तपासण्या ठरलेल्या आहेत: पहिली १२ आठवड्यांच्या आत, दुसरी १४ ते २६, तिसरी २८ ते ३४ आठवड्यांत आणि चौथी ३६व्या आठवड्यानंतर. एका महिन्यात दोनदा जाऊन पुढे तीन महिने गेलंच नाही तर मोजणीत दोन तपासण्या दिसतात, पण मधला धोक्याचा काळ कोरा राहतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. चारपैकी निदान एक त्या दिवशी करा.

प्रत्येक वेळी वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी आणि पोटाची तपासणी व्हायला हवी आणि आकडा तुमच्या समोर कार्डावर उतरायला हवा. हे मुद्दाम सांगतोय. काही नोंदवह्या चाळल्या तर अख्ख्या गावाचा रक्तदाब ११०/७० आणि सगळ्यांचं हिमोग्लोबिन १०.० दिसतं. इतकं एकमत ग्रामसभेतही होत नाही. यंत्र बंद होतं, गर्दी होती, रकाना रिकामा ठेवला की वरून विचारणा होते, ही कारणं खरी आहेत. तरीही ठोकून दिलेल्या आकड्यापेक्षा रिकामा रकाना बरा. रिकामा रकाना पाहून पुढचा माणूस तपासतो, भरलेला पाहून निर्धास्त होतो.

आकड्यांचा अर्थ घरच्यांनाही माहीत असावा. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे तीव्र रक्तक्षय. तिथे गोळ्यांवर भागत नाही, रुग्णालयात जावं लागतं. रक्तदाब १४०/९० किंवा वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर.

लोहाच्या गोळ्या चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. कॅल्शियमची गोळी दिवसाला दोन, पण लोहाच्या गोळीबरोबर नाही. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. कार्डावर दिलेल्या गोळ्यांचा आकडा असतो, खाल्लेल्यांचा नाही. मळमळते म्हणून डबा तसाच पडला असेल तर ते सांगा. नाहीतर गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, असा चुकीचा निष्कर्ष निघून भलत्याच तपासण्या सुरू होतात.

## टप्पा ४: लाल खूण लागली तर

आधीचं सिझेरियन, जुळं, उंची १४५ सेंटिमीटरपेक्षा कमी, वाढलेला रक्तदाब, तीव्र रक्तक्षय, मधुमेह, आदिवासी पट्ट्यात सिकलसेल. यातलं काही आढळलं की कार्डावर लाल स्टिकर लावतात आणि नाव अतिजोखमीच्या यादीत जातं. काही सासूबाईंना ही खूण म्हणजे सुनेत खोट वाटते आणि कार्ड कपाटात जातं. खुणेचा उपयोग इतकाच, की अनोळखी दवाखान्यात रात्री दोन वाजता पोचलात तरी पहिल्या पानावर नजर पडताच डॉक्टर सावध होतात.

खूण लागल्यावर कार्डाच्या आत तीन गोष्टी लिहून घ्या: धोका नेमका कोणता, बाळंतपण कोणत्या रुग्णालयात करायचं, आणि तिथे न्यायला गाडी कोणती. नुसतं 'अतिजोखीम' लिहून काही साधत नाही. सिझेरियनची सोय आणि रक्त जिथे आहे असं ग्रामीण, उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालय नावानिशी ठरवा. गरोदर बाईला नेण्या-आणण्यासाठी १०२, तातडीच्या वेळी १०८.

## टप्पा ५: माहेरी किंवा कामाच्या गावी जाताना

धागा सर्वांत जास्त इथे तुटतो, म्हणून जरा सावकाश वाचा.

डोहाळेजेवण झालं की पहिलटकरीण माहेरी जाते. सासरच्या आशाताईंना ते कधी कधी दोन महिन्यांनी, दाराला कुलूप दिसल्यावर कळतं. माहेरच्या आशाताईंना कळतं ते बारशाचं आमंत्रण आल्यावर. मधल्या काळात बाई कुणाच्याच यादीत नसते, आणि धोक्याचे आठवडे नेमके तेच.

क्रम असा ठेवा.

१. निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी सासरच्या आशाताईंना सांगा. गाव, तालुका, जिल्हा आणि माहेरचा फोन नंबर त्यांच्या वहीत लिहून द्या.

२. त्या आठवड्यात एक तपासणी करून घ्या, म्हणजे कार्डावर ताजे आकडे असतील.

३. कार्ड, सोनोग्राफीचे कागद, रक्तगटाचा कागद, आधार, पासबुक ही पिशवी बाईच्या हातात द्या. "माझ्याकडे नीट राहील" म्हणून सासूबाईंनी कार्ड ठेवून घेणं ही या टप्प्यातली सर्वांत महागडी काळजी आहे.

४. माहेरी पोचल्यावर आठवड्याच्या आत तिथल्या आशाताईंना भेटा आणि पहिलं वाक्य हे म्हणा: "माझं नाव चढलेलं आहे, हा माझा आरसीएच नंबर." नवं कार्ड, नवी नोंदणी मागू नका, कुणी करू लागलं तर थांबवा. आरोग्यसेविका जुन्या नंबरावरून नोंद शोधून पुढच्या सेवा तिथेच चढवू शकतात.

५. दोन्ही गावच्या आशांचं एकदा फोनवर बोलणं करून द्या. यासाठी कुठलंही परिपत्रक लागत नाही.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांचं दुखणं वेगळं आहे. बीड, जालना, अहिल्यानगरकडच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर निघतात आणि चार-पाच महिने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात असतात. नंदुरबारची कुटुंबं गुजरातेत जातात. तिथे माहेर नसतं, ओळखीची आशा नसते, आणि फड दर काही दिवसांनी हलतो. अशा वेळी कारखान्याचं नाव आणि मुकादमाचा फोन गावच्या आशाकडे देऊन ठेवा. गोळ्या आणि कॅल्शियम दोन महिन्यांचं मागून घ्या. मुक्कामी पोचलं की जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते पहिल्याच बाजाराच्या दिवशी बघून ठेवा. परराज्यात बाळंतपण झालं तर बाळाचा जन्म तिथेच नोंदला जातो. दाखला हातात घेतल्याशिवाय परतीच्या ट्रकमध्ये बसू नका. नंतर बेळगावला किंवा सुरतेला तेवढ्यासाठी जाणं कुणाला जमत नाही.

तपासा: निघताना कार्डावर आरसीएच नंबर, रक्तगट, पाळीची तारीख, अपेक्षित तारीख, शेवटचा रक्तदाब आणि हिमोग्लोबिन, सहाही गोष्टी वाचता येतात का?

## टप्पा ६: बाळंतपण आणि सुटीचा कागद

दवाखान्यात भरती होतानाच कार्ड नर्सबाईंच्या हातात द्या. सरकारी रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरी सोडायला गाडी हे सगळं जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. आजारी बाळासाठी वर्षभरापर्यंत.

सुटी मिळते तेव्हा घाई असते. गाडी उभी, नातेवाईक ताटकळलेले, बाळ रडतंय. तरी दहा मिनिटं काढून सुटीच्या कागदावर पुढच्या गोष्टी वाचा: प्रसूतीची तारीख आणि वेळ, प्रसूतीचा प्रकार, बाळाचं लिंग, जन्माचं वजन ग्रॅममध्ये, जन्मताच दिलेल्या बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब या तीन लसी. कावीळ ब ची पहिली मात्रा २४ तासांच्या आत द्यायची असते. ती हुकली तर नंतर त्या जागी खोटी तारीख लिहून घेऊ नका.

वजनाबाबत एक सूचना. २४६० ग्रॅमचं 'अडीच किलो' करायची सवय सगळीकडे आहे. अडीच किलोच्या खालचं बाळ कमी वजनाचं धरतात आणि त्याच्याकडे जास्त लक्ष दिलं जातं. चाळीस ग्रॅमच्या मोठेपणापायी बाळ त्या यादीतून गळतं.

बाळ विशेष नवजात कक्षात ठेवलं असेल तर तिथले कागद 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव अशा नावाने असतात. आईचं नाव तिथे आधारप्रमाणेच लिहिलंय का पाहा. जुळं असेल तर पहिलं कोणतं, दुसरं कोणतं ते कागदावर असू द्या. लसींच्या वेळी घोळ तिथेच होतो.

सुटीच्या दिवशीच दोन्ही गावच्या आशांना फोन करा. खासगी दवाखान्यातून तर नक्कीच, कारण तिथून आशाला आपोआप काही कळत नाही.

## टप्पा ७: जन्माची नोंद, २१ दिवसांत

जन्म जिथे झाला तिथे नोंदला जातो. बाळाचं गाव सासरचं, मुक्काम माहेरी आणि जन्म तालुक्याच्या नगरपरिषद हद्दीतल्या दवाखान्यात, तर दाखला नगरपरिषदेचा. सासरच्या ग्रामपंचायतीत चकरा मारून उपयोग नाही. रुग्णालयातला जन्म रुग्णालयाने कळवायचा असतो, घरचा जन्म घरच्यांनी ग्रामपंचायतीत.

२१ दिवसांपर्यंत नोंद मोफत. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क. ३० दिवसांनंतर वर्षभरापर्यंत अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नाव ठरलं नाही म्हणून थांबू नका: नावाशिवाय नोंद होते आणि १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येतं. बारसं सव्वा महिन्याने असो की तीन महिन्यांनी, नोंद त्यासाठी अडत नाही.

रुग्णालयातला माहितीचा फॉर्म बहुतेक वेळा नवऱ्याचा भाऊ किंवा मामा घाईघाईत भरतो. तो भरण्याआधी आई-वडिलांच्या आधारचे फोटो समोर ठेवा. कायमचा पत्ता म्हणून माहेरचा पत्ता जाणं ही नेहमीची चूक. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून हाच दाखला धरला जातो, त्यामुळे एका काना-मात्रेचा त्रास अठरा वर्षं पुरतो.

पैशांचं इथेच सांगतो. मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्याला ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात: ३,००० गरोदरपणाची नोंद आणि एक तपासणी झाल्यावर, २,००० जन्मनोंद आणि बाळाच्या साडेतीन महिन्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. दुसरं अपत्य मुलगी असेल तर ६,००० एकदम. म्हणजे दुसरा हप्ता अडकला की आधी जन्मदाखला आणि लसींची नोंद बघायची, मग बँक. जननी सुरक्षा योजनेचे ग्रामीण भागात ७०० आणि शहरात ६०० रुपये दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती आणि जमातीच्या मातांसाठी आहेत.

## टप्पा ८: घरभेटी आणि लसी

दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशाने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी यायचं असतं. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही. पुढे बाळाच्या ३, ६, ९, १२ आणि १५व्या महिन्यात. बाळंतीण माहेरी असेल तर या भेटी माहेरच्या आशाने करायच्या, आणि त्या कुणी करायच्या हे न ठरल्यामुळेच बहुतेक भेटी बुडतात. आशांनी सहा भेटींचा फॉर्म बेचाळिसाव्या दिवशी एकाच शाईने भरू नये. तिसऱ्या दिवशीचं वजन आणि ताप तिसऱ्याच दिवशी कळतो.

भेटीची वाट बघत बसायचं नाही अशी लक्षणं: बाळ दूध ओढत नाही, अंग थंड किंवा तापलेलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, झटके, आईला जास्त रक्तस्राव, ताप, डोकं खूप दुखून डोळ्यांपुढे अंधारी. तडक रुग्णालय.

लसींची नोंद आता यू-विन या सरकारी लसीकरण पोर्टलवरही होते. नोंदणीचाच मोबाइल नंबर तिथे द्या. ६, १०, १४ आठवडे, ९ महिने आणि १६ ते २४ महिने हे मुक्काम लक्षात ठेवा. खासगीत लस दिली तर त्या पानाचा फोटो आशाकडे द्या, नाहीतर सरकारी यादीत बाळ 'लस बाकी' राहतं आणि दर महिन्याला कुणीतरी दार ठोठावतं. माहेरची एक लस आणि सासरची दुसरी, असं असेल तर दोन्ही एकाच कार्डावर हव्यात.

## टप्पा ९: गर्भपात, मृत जन्म, मृत्यू

या नोंदी लपवल्या जातात किंवा चुकीच्या नावाखाली जातात.

गर्भपात झाला, आपोआप किंवा करून, तर आशाला कळवून ते गरोदरपण पोर्टलवर बंद करून घ्या. नाहीतर बाई 'प्रसूती बाकी' दिसत राहते, आणि नऊ महिन्यांनी कुणीतरी दारात येऊन बाळाचं विचारतं.

बाळ जन्मून एकदा जरी श्वास घेतला, हृदय चाललं, नाळेत ठोका होता किंवा हातपाय हलले, तर तो जिवंत जन्म. दहा मिनिटांनी गेलं तरी. तेव्हा आधी जन्म आणि मग मृत्यू, अशा दोन नोंदी होतात. त्याला 'मृत जन्म' लिहिणं घरच्यांना कमी जाचक वाटतं आणि दवाखान्यालाही सोपं पडतं, पण मग ते बाळ बालमृत्यूत मोजलं जात नाही आणि ते का गेलं हे कुणी शोधत नाही.

मातामृत्यू म्हणजे गरोदरपणात, प्रसूतीत किंवा गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांत, गरोदरपणाशी संबंधित किंवा त्यामुळे बळावलेल्या कारणाने झालेला मृत्यू. गर्भपातानंतरचा, माहेरचा, प्रवासातला, अविवाहित मुलीचाही. म्हणून १५ ते ४९ वयाच्या प्रत्येक स्त्रीच्या मृत्यूची खबर आशाने २४ तासांत द्यायची असते. ती गरोदर होती का, हे नंतर तपासतात. "तिने विष घेतलं होतं, हा आपला विषय नाही" असं स्वतः ठरवून नाव गाळू नका. कोणता मृत्यू मातामृत्यू धरायचा हे समिती ठरवते.

त्यानंतर साधारण तीन आठवड्यांच्या आत आरोग्य खात्याची माणसं घरी येऊन विचारपूस करतात: दुखायला कधी लागलं, निघायचं कुणी ठरवलं, गाडी किती वेळाने आली, पहिल्या दवाखान्याने पुढे का पाठवलं. ही चौकशी कुणाला शिक्षा करण्यासाठी नसते आणि नावं गुप्त ठेवतात. घरच्यांनी वेळा आठवून आधीच कागदावर लिहून ठेवाव्यात. त्या दिवसांचं भान पुढे पुसट होत जातं.

गावच्या कार्यकर्त्यांसाठी आणि बातमीदारांसाठी एक गोष्ट. राज्याचा माता मृत्यू दर या कार्डांवरून काढत नाहीत, तो नमुना नोंदणी पाहणीतून येतो. २०१८–२० साठी महाराष्ट्राचा दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. हे गणित तालुक्याला लावू नका. वर्षाला दीड हजार जन्म होणाऱ्या तालुक्यात एक माता दगावली की दर ६७ होतो, एकही नाही तर शून्य. दोन्ही आकड्यांवरून तालुक्याची परीक्षा होत नाही. रुग्णालयाचे मासिक अहवालही जपून वाचा: ते सेवा दिली त्या जागेचे असतात, म्हणून जिल्हा रुग्णालयाच्या गावात मृत्यू जास्त आणि ज्या पाड्यातून बाई आली तिथे शून्य दिसतात. मृत्यू कुठे झाला याबरोबरच ती राहायला कुठे होती हेही विचारा.

## टप्पा १०: चूक सापडली तर

आधी आरोग्यसेविकांकडे जा, कारण मूळ नोंदवही त्यांच्याकडे असते. वहीत बरोबर आणि पोर्टलवर चूक असेल तर दुरुस्ती लवकर होते. वहीतच चूक असेल तर पुरावा द्यावा लागतो. तिथे जमलं नाही तर प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, त्यानंतर तालुका आरोग्य अधिकारी. एकाच बाईचे दोन आरसीएच नंबर पडले असतील तर दोन्ही कार्डांच्या झेरॉक्स जोडून लेखी अर्ज द्या आणि जुना नंबर चालू ठेवायला सांगा. जन्मदाखल्यातली चूक मात्र आरोग्य खात्याकडे जात नाही. ज्या निबंधकाने दाखला दिला त्याच्याकडेच, आई-वडिलांचं आधार आणि रुग्णालयाचा सुटीचा कागद घेऊन. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि तारीख घ्या, आणि ती प्रत कार्डाच्या पिशवीत ठेवा.